दस्तगीर मिस्त्री आणि हातमोज्यांची पाटी

मोबाईलवर व्हिडिओ बघून लेथ मशीन विकत घेणाऱ्या माणसाला भर चौकात उभं करून झोडपायला पाहिजे, असं दस्तगीर मिस्त्रींचं मत होतं. ते त्यांनी मला माझ्याच घरी, माझ्या बायकोसमोर, माझाच चहा बशीत ओतून पीत सांगितलं. बायकोला एवढा आनंद झाला की तिनं त्यांना आणखी एक कप दिला.

मी तेव्हा सत्तेचाळीस वर्षांचा. अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत एका टॉवेलच्या कारखान्यात टाइम-ऑफिसला क्लार्क. मिस्त्री त्याच कारखान्याच्या वर्कशॉपमध्ये टर्नर, म्हणजे लेथवर लोखंड कातणारे. मागाचा रोलर झिजला, शाफ्ट वाकला, बुश गेलं, की चला मिस्त्रींकडं. मला लहानपणापासून लोखंड कातलं जाताना बघायला आवडतं. का, ते मला सांगता येत नाही आणि कुणी विचारलेलं खपतही नाही. लोक दिवसभर क्रिकेट बघतात, त्यांना कोण विचारतं का? तर दिवाळीला मी टेबलावर मावेल असं छोटं लेथ मागवलं, घरामागच्या पत्र्याच्या खोलीत मांडलं आणि मोठ्या हौसेनं मिस्त्रींना बघायला बोलावलं.

मिस्त्रींनी चकला, म्हणजे लोखंडाचा तुकडा धरून फिरवणाऱ्या जबड्याला, दोन बोटांनी धरून हिसका दिला. मशीन टेबलासकट हललं.

"क्या है रे ये, सुरवसे?"

"लेथ."

"हे लेथ? हे शेवया पाडायचं यंत्र हाय. किती घातलेस?"

मी आकडा सांगितला. त्यांनी बायकोकडं बघून हात जोडले.

मग त्यांनी मला झाडायला सुरुवात केली, आणि त्या झाडण्यातच माझी पहिली शिकवणी झाली. तेवढ्याच पैशात जुनं, जड, काळं पडलेलं लेथ मिळालं असतं. घ्यायला जाताना रंग बघायचा नाही, रंग काय, कुणीही मारतो. मशीनचा बेड, म्हणजे ज्यावर सगळं सरकतं तो लोखंडी पाट, चकजवळ नखानं चाचपायचा. काम तिथंच जास्त होतं म्हणून झीजही तिथंच. नख अडलं की किंमत पाडायची. मशीन रिकामं चालवून गिअरच्या डब्यावर हात ठेवायचा. घरघर ठीक, कडकड झाली की रामराम करून घरी यायचं. "आणि विकणारा चहा पाजायला लागला की समजायचं, काहीतरी लपवतोय," असं म्हणून त्यांनी माझा दुसरा चहा संपवला.

शिव्या देऊन गेले, वाटलं संपलं. पुढच्या रविवारी सकाळी सायकलला लोखंडी अँगलचे तुकडे बांधून दारात हजर. लाकडी टेबल त्यांनी लाथेनं बाजूला सारलं. अँगलचा स्टँड वेल्डिंग करून आणला, पाय काँक्रीटमध्ये रोवले, गवंड्याची पाणसळ बेडवर उभी-आडवी ठेवून, खाली पत्र्याचे तुकडे सारून सारून, बुडबुडा मधोमध आणला. दुपार गेली त्यात. मजुरी विचारली तर म्हणाले, "मजुरी द्यायची ऐपत असती तर हे खेळणं घेतलं असतास का?"

मिस्त्रींचं घर नई जिंदगी नावाच्या वस्तीत. साठी ओलांडलेली, अंगानं किडकिडीत, दाढी मेंदीनं लाल, चष्म्याची एक काडी तांब्याच्या तारेची. आवाज मात्र असा की गल्लीतल्या कोंबड्या पळायच्या. घराच्या पुढच्या खोलीत बिछाना नव्हता, सहा फुटी लेथ होतं. एक गिरणी बंद पडली तेव्हा भंगारात निघालेलं, बैलगाडीवरून आणलेलं. त्यांची बायको हयात होती तोवर त्या मशीनच्या बेडवर पापड वाळत घालायची, असं ते रागानं सांगायचे, आणि सांगताना बेडवरनं हात फिरवायचे.

त्यांचं शिकवणं म्हणजे अपमान. दुसरा शब्द मला सापडत नाही. एकदा पूर्ण बाह्यांचा शर्ट घालून मशीनपुढं उभा राहिलो. भाच्याच्या लग्नात घेतलेला, नवाकोरा. मिस्त्रींनी काही न बोलता पत्रा कापायची कात्री उचलली आणि दोन्ही बाह्या कोपराच्या वर कापल्या. मी ओरडलो, "अहो, दुमडल्या असत्या की!"

"दुमडलेली बाही सुटती. कापलेली सुटत नाही."

मग अंगठी, घड्याळ, मनगटावरचा देवाचा लाल गंडा. गंड्याला मी नाही म्हणालो. त्यांनी आपल्या गळ्यातला तावीज काढला, बिस्किटाच्या डब्यात ठेवला आणि डबा माझ्यापुढं धरला. "माझा देव बाहेर बसतो घटकाभर. तुझा बसंना का? दोघं गप्पा मारतील."

पहिले चार रविवार मला लोखंडाला हात लावू दिला नाही. ग्राइंडरवर नुसतं टूल घासायचं. टूल म्हणजे कातणारी पोलादी काडी, तिची धार कोणत्या कोनात काढायची, हेच. बाजारात तयार धारेची मिळतात, मी म्हणालो. "बाजारात तयार भाकरी पण मिळती. बाईला घालवून देतोस काय घरातनं?" मी दिवसाकाठी दहा काड्या घासायचो, ते एकेक डोळ्यासमोर धरून बादलीत फेकायचे. चौथ्या रविवारी एक फेकली नाही. शाबासकी नाही, काही नाही. फेकली नाही, एवढंच.

पण एक खरं, त्यांनी सांगितलेलं कधी खोटं पडलं नाही. टूलचं टोक जॉबच्या, म्हणजे कातायच्या तुकड्याच्या, बरोबर मध्यावर पाहिजे, आणि ते बघायला माझ्या व्हिडिओवाल्यांनी काय काय उपकरणं दाखवली होती. मिस्त्रींनी सहा इंची पातळ स्टीलची पट्टी घेतली, गोल जॉब आणि टूलचं टोक यांच्यामध्ये हलकी चिमटीत धरल्यासारखी अडकवली. "बघ. सरळ उभी, तर बरोबर. वरचं टोक तुझ्याकडं झुकलं तर टूल खाली हाय. पलीकडं झुकलं तर वर. ह्याला पैसे पडतात काय?" कीस म्हणजे कातताना निघणारी लांब लोखंडी वेटोळी, ती हातानं ओढायची नाहीत, वाकवलेल्या तारेच्या आकड्यानं ओढायची. चक आवळायची किल्ली चकमध्ये ठेवून हात सोडायचा नाही, मशीन सुरू झालं की ती गोळीसारखी सुटते. मी एकदा सोडला. त्यांनी त्याच किल्लीनं माझ्या बोटांच्या पेरांवर मारलं. सत्तेचाळीस वर्षांच्या माणसाला! आठवडाभर मला हजेरीपट लिहिताना पेन नीट धरता येत नव्हतं, आणि साहेबांना मी सांगितलं की दारात बोटं सापडली.

आणि नेहमी उघडे हात. कातून झालेल्या जॉबवर ते मशीन थांबवून नख फिरवायचे आणि सांगायचे, इथं केसभर जास्त हाय. व्हर्नियर, म्हणजे बारीक माप घ्यायची जबड्याची पट्टी, लावून बघावं तर असायचं. "हाताला डोळे असतात, सुरवसे. झाकलेस की आंधळा." हे ते इतक्यांदा म्हणायचे की मला वीट आला होता.

आता त्या पाटीचं सांगतो. सांगताना माझं डोकं फिरतं, ते आधीच सांगून ठेवतो.

आमचा माल परदेशी जातो. तिकडच्या ग्राहकाची माणसं वर्षातून एकदा कारखाना बघायला येतात. हातात यादी. संडास किती, आग विझवायची नळकांडी किती, कामगारांच्या अंगावर काय. यादीत हातमोजे होते ते गाठी उचलणाऱ्यांना आणि कापणी खात्याला. बरोबरच आहे, तिथं हात कापतात. पण आमच्या मॅनेजरसाहेबांनी यादी अर्धी वाचली आणि म्हणाले, "सगळ्यांनाच देऊन टाका. फोटोत बरं दिसतं." हे वाक्य मी माझ्या कानांनी ऐकलंय. फोटोत बरं दिसतं!

माझं अक्षर चांगलं. शाळेपासून फळा मीच लिहायचो. त्यामुळं पाटीही मीच लिहिली, पिवळ्या पत्र्यावर लाल रंगात: हातमोजे घातल्याशिवाय कोणत्याही मशीनला हात लावू नये. हुकुमावरून. वर्कशॉपच्या भिंतीवर चार खिळे मारून ठोकली.

मिस्त्री पाटीपुढं उभे राहिले. त्यांना उर्दू झरझर यायचं, मराठी अक्षर लावत लावत वाचायचे. "को-ण-त्या-ही." मग माझ्याकडं वळले. "कोणत्याही?"

"साहेबांनी सांगितलं तसं लिहिलं."

"तुझ्या घरी लेथ हाय ना रे? रविवारी काय घालून चालवतोस?"

"मिस्त्री, दोन दिवसांचा प्रश्न आहे. पाहुणे गेले की काढू."

मला माहीत होतं. हेच तर माझ्या छातीवर बसलंय. सगळ्या ऑफिसात मला एकट्याला माहीत होतं. फिरत्या जॉबला उघडं बोट लागलं तर सालपट निघतं आणि बोट मागं येतं. मोज्याचा एक धागा लागला तर मोजा जातो, मोज्याबरोबर हात जातो. चार रविवार काड्या घासत हेच ऐकलं होतं. तरी रंगाचा डबा उघडला, ब्रश बुडवला, आणि अक्षर किती छान आलंय म्हणून लांबून बघितलं. हात मोडले असते तर बरं झालं असतं माझे.

पाहुणे आले, फोटो काढले, गेले. पाटी राहिली. लागलेली पाटी काढायचा हुकूम कोण देणार? उलट साहेबांना आता चेव आला होता. मिस्त्री मोजे खिशात कोंबून काम करतात, हे त्यांनी काचेतून बघितलं आणि वर्कशॉपमध्ये आले. मी हजेरीपट घेऊन तिथंच होतो. आणि सिद्धप्पा होता.

सिद्धप्पा दुधनीकडचा, घरात कन्नड, बाहेर मोडकं मराठी. पंचेचाळिशीचा, मिस्त्रींच्या हाताखाली नऊ वर्षं. त्याच्यासारखा गरीब स्वभावाचा माणूस मी बघितला नाही. कुणीही काहीही सांगो, "आयतु री," म्हणजे बरं जी. गाडी धू, आयतु री. साहेबांच्या घरचा फ्रिज उचल, आयतु री. मिस्त्री त्याला दिवसभर शिव्या घालायचे आणि डब्यातली अर्धी भाजी त्याच्या ताटात टाकायचे.

"मोजे घाला," साहेब म्हणाले.

"लेथवर मोजे नसतात, साहेब. बाकी काय पण घालतो. टोपी घालतो, चष्मा हायच."

"नियम सगळ्यांना सारखा. घालायचे नसतील तर घरी बसा. हा सिद्धप्पा चालवेल."

मिस्त्रींचा चेहरा काळाठिक्कर पडला. त्यांनी खिशातले मोजे काढले आणि साहेबांच्या पायाशी नव्हे, सिद्धप्पाच्या छातीवर फेकले. "ले. तुला पटतंय ना? घाल. चालव तूच!" आणि रोजच्यासारखा डब्यात काढून ठेवलेला तावीज घेऊन गेटबाहेर गेले. मागं वळून बघितलं नाही.

सिद्धप्पानं मोजे उचलले. साहेबांकडं बघितलं, पाटीकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं. मी हजेरीपटात बघत होतो.

"आयतु री," तो म्हणाला.

अकराव्या दिवशी तो एका शाफ्टला एमरी पेपरनं पॉलिश करत होता. मोज्याचा धागा सुटलेला होता. डाव्या हाताची तीन बोटं गेली, अंगठा आणि करंगळी राहिली. यापेक्षा जास्त मी सांगणार नाही. मी पळत गेलो तेव्हा मशीन चालूच होतं आणि ते बंद करायलाही कुणी पुढं होत नव्हतं. मी केलं. तेवढं एक केलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी पाटी गायब. भिंतीवर नुसती चार भोकं.

सरकारी निरीक्षक येणार म्हटल्यावर साहेबांना कुणीतरी सांगितलं असावं की लेथवर मोजे घालायला लावणं हाच गुन्हा आहे. झालं! माणसानं किती तोंडं फिरवावीत? आता कारखान्याचं म्हणणं असं की लेथवर मोजे नाहीतच मुळी, कधीच नव्हते. दस्तगीर मिस्त्रींनी सिद्धप्पाला नीट शिकवलं होतं, तरी त्यानं आपल्या मनानं घातले. निष्काळजीपणा. निष्काळजी माणसाला कारखाना परत घेत नाही. म्हणजे बोटंही त्याचीच, चूकही त्याचीच, आणि नोकरीही गेली. तीन मुली आहेत त्याला.

ह्या सगळ्यासाठी लागत होता तो फक्त मिस्त्रींचा शब्द. साहेब गाडी घेऊन नई जिंदगीत गेले. परत या, वर्कशॉपचे हेड व्हा. निरीक्षकासमोर एवढंच सांगायचं: मी शिकवलं होतं, त्यानं ऐकलं नाही. अर्धं तर खरंच होतं ते! शिकवलं तर होतंच. या हुशारीचं मला अजून नवल वाटतं, आणि किळस येते.

मिस्त्री आले. धुतलेला पांढरा शर्ट, अर्ध्या बाह्यांचा. वर्कशॉपमध्येच खुर्च्या मांडल्या होत्या. निरीक्षक तरुण, शांत. साहेब बाजूला. मी लिहून घ्यायला. सिद्धप्पा दवाखान्यातून आलेला, हात गळ्यात, भिंतीला टेकून.

"लेथवर मोजे घालायचे नसतात, हे तुम्ही याला शिकवलं होतं?" निरीक्षकानं विचारलं.

"हौ. नऊ वर्षं शिकवलं."

साहेबांनी सुस्कारा सोडला. मला ऐकू आला तो.

"तरी त्यानं घातले?"

"मी घालायला सांगितले," मिस्त्री म्हणाले.

मिस्त्रींचा आवाज त्या दिवशी चढला नाही, हे मला विशेष वाटलं. "मला राग आला होता. साहेबावर आला होता. काढला ह्याच्यावर. मोजे ह्याच्या अंगावर मीच फेकले. घाल आणि चालव म्हणालो. मग घरी जाऊन झोपलो. लिहा."

"पण मुळात मोजे आले कुठून?"

"पाटी होती."

"पाटीबिटी काही नाही इथं," साहेब म्हणाले.

"भोकं बघा की, चार. पत्रा पिवळा, अक्षर लाल. अक्षर कुणाचं?" आणि त्यांनी बोट उचललं. माझ्याकडं. "ह्याचं. ह्याच्या घरी लेथ हाय. ह्याला सगळं ठावं हाय. विचारा."

अंगावर उकळतं पाणी पडावं तसं झालं मला. वीस वर्षं नोकरी. साहेब डोळ्यांनी मला नको नको म्हणत होते. निरीक्षक माझ्याकडं बघत होता. सिद्धप्पा मात्र खाली बघत होता. माझ्याकडून त्यानं काही अपेक्षाच धरली नव्हती. ते बघून तोंडातून निघालं, "पाटी मी लिहिली. साहेबांनी सांगून."

मोठा धीराचा वगैरे मी नव्हे. मला कोपऱ्यात घातलं म्हणून बोललो. मिस्त्रींनी बोट दाखवलं नसतं तर मी मान खाली घालून लिहीत बसलो असतो, आणि अक्षरही छानच आलं असतं.

सिद्धप्पावरचा निष्काळजीपणा निघाला. त्याला गेटवर बसवलं, नोंदवही घेऊन. साहेबांचं काय झालं? काही नाही! दुसऱ्या कारखान्यात गेले, जास्त पगारावर म्हणतात. मिस्त्रींना हेड सोडा, हेल्पर म्हणूनही कुणी परत बोलावलं नाही. आणि माझी बदली गोडाऊनला, जिथं खिडकी नाही. मी पेटलेला होतो. सरळ नई जिंदगीत गेलो आणि त्यांच्या दारात उभा राहून भांडलो. चारचौघांत माझं नाव घ्यायची काय गरज होती? मी तुमचं काय वाकडं केलं होतं? तुम्ही तर नाही म्हणालाच होतात ना, तुमचं काय गेलं?

त्यांनी मला बोलू दिलं. असं पहिल्यांदाच.

"मी नाही म्हणालो," ते म्हणाले, "पण माझ्या हातापुरतं म्हणालो. माझे हात घेतले आणि घरी आलो. मशीनचा पट्टा काढून खिशात घालून आलो असतो तर? किंवा त्या बैलाचा, सिद्धप्पाचा, हात धरून त्याला पण गेटबाहेर काढला असता तर?" मग थांबून, "काय गेलं म्हणतोस. तुझी बोटं दहा हायत. मोज."

मी निघून आलो. दोन महिने गेलोच नाही. माझं मशीन धूळ खात पडलं, बायकोनं त्यावर कांद्याची टोपली ठेवली.

मग कानावर आलं की सुट्टीच्या दिवशी सिद्धप्पा मिस्त्रींकडं लेथ शिकतो. शिकतो? नऊ वर्षं शिकलेला माणूस? बघायला गेलो. मिस्त्रींनी मशीनच्या डाव्या बाजूचा दांडा लांब करून घेतला होता, बोटांनी नव्हे, तळहातानं रेटता येईल असा. आणि ते सिद्धप्पाला चक्क चुकीचं सांगत होते! जाड कापायला सांगायचे जिथं टूल मोडणार. कीस हातानं ओढ म्हणायचे. सिद्धप्पा आयतु री म्हणून हात पुढं करायचा की मिस्त्री मशीन बंद करून त्याच्या नावानं बोंब मारायचे. "अरे मी चुकीचं सांगतोय! तुला कळतंय! मग हौ कशाला म्हणतोस? नाही म्हण! तोंडात जीभ हाय का नाही?" सिद्धप्पा कसनुसं हसायचा. "तुमी सांगितलं म्हून..." "मी कोण? मी मोजे फेकणारा!" आणि परत तेच. मला ते क्रूर वाटलं. तसं मी म्हणालोही. मला म्हणाले, तू गप.

मिस्त्री आता नाहीत. त्या उन्हाळ्यात रात्रीची झोप लागली ती लागलीच. मी त्यांना शेवटचं बघितलं ते त्याच्या पंधरा दिवस आधी, एका रविवारी सकाळी.

मी सहज गेलो नव्हतो. कामानं गेलो होतो. नव्या मॅनेजरसाहेबांना जुन्या फाइली बंद करायच्या होत्या. गोड बोलणारा माणूस. त्यांनी मला एक कागद दिला, मागच्या वर्षीची तारीख घातलेला, आणि म्हणाले, "सुरवसे, तुमची आणि मिस्त्रींची ओळख आहे. फक्त एक सही. फॉर्मॅलिटी. मग बघू, तुम्हाला ऑफिसात आणता येतं का." त्या गोडाऊनमध्ये मला दमा लागायची वेळ आली होती. कागद घडी करून वरच्या खिशात घातला आणि गेलो.

सिद्धप्पा मशीनवर होता. शाफ्ट फिरत होता, कीस निळा होऊन पडत होता. मिस्त्री स्टुलावर, पाय वर घेऊन.

"माप घे," मिस्त्री म्हणाले. "व्हर्नियर लाव. मशीन थांबवू नको, टाइम जातो."

फिरत्या जॉबला माप लावत नाहीत. जबडा अडकला तर व्हर्नियर हातातून हिसकून तोंडावर येतो. सिद्धप्पानं व्हर्नियर उचलला. तो तसाच उभा राहिला.

"ऐकू येत नाही काय? लाव!"

"इल्ल," सिद्धप्पा म्हणाला.

"क्या?"

"इल्ल री. लावत न्हाई. मशीन बंद करून लावतो." आणि त्यानं तळहातानं दांडा रेटून मशीन बंद केलं.

मिस्त्रींनी चष्मा काढला, शर्टाला पुसला, परत घातला. हसले नाहीत. काडी कानावर बसत नव्हती, दोनदा बसवली. मग मला म्हणाले, "सहा महिने लागले बैलाला. तू कशाला आलायस?"

आता मागं फिरायला जागा होती. सहज आलो म्हणायचं, चहा प्यायचा, घरी जायचं. मी कागद काढून त्यांना दिला.

त्यांनी तो अक्षर लावत वाचायला घेतला, मग कंटाळून सिद्धप्पाला दिला. "वाच रे. मराठी हाय." सिद्धप्पानं उरलेल्या दोन बोटांत कागद धरला आणि मोठ्यानं वाचला. लेथवर हातमोजे न घालण्याबाबत कामगार सिद्धप्पा यास अपघातापूर्वी रीतसर प्रशिक्षण देण्यात आले होते व त्याने त्याचे उल्लंघन केले. प्रशिक्षक, सही.

मी तो वाचला नव्हता, असं मी आजवर दोघातिघांना सांगितलंय. वाचला होता. घडी घालायच्या आधी दोनदा वाचला होता. मजकूर माझ्याच अक्षरात होता, नव्या साहेबांनी सांगितला तसा लिहिलेला.

सिद्धप्पानं कागद घडी केला, होत्या त्याच घड्यांवर, आणि माझ्यापुढं धरला.

"इल्ल, सुरवसे साहेब," तो म्हणाला. मला तो नेहमी साहेबच म्हणायचा.

मी मिस्त्रींकडं बघितलं. मला वाटलं आता आभाळ फाटणार. किल्ली घेऊन उठतील, पेरांवर मारतील, गल्ली गोळा करतील. माझी तयारी होती. खरं सांगतो, मला ते हवं होतं. पण ते स्टुलावरून उतरले, सिद्धप्पाच्या हातातला व्हर्नियर घेतला आणि थांबलेल्या शाफ्टला लावून माप बघू लागले. सिद्धप्पाही वाकून बघू लागला. केसभर जास्त आहे का नाही, यावर दोघांचं काहीतरी चाललं, निम्मं दखनीत, निम्मं कन्नडमध्ये. मग मशीन परत सुरू झालं. मी कागद घेऊन दारात उभा होतो, आणि मला कुणी बसही म्हणालं नाही, जा पण म्हणालं नाही.